खाडीला उतार पडला, पण पथ्य सुटले

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी मंडळाने माझ्याकडे आरोग्याचा विषय मागितला. मी आरोग्याचाच विषय दिला आहे. फक्त रोगी माणूस नाही. रोगी आहे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरची टँपाची खाडी. उथळ, उबदार आणि तीन बाजूंनी शहरांनी वेढलेली ही खाडी १९७० च्या दशकात जवळजवळ मेल्यात जमा होती. पुढच्या चाळीस वर्षांत तिला उतार पडला, आणि तो इतका चांगला पडला की जगभरचे अभ्यासक तिचे उदाहरण देऊ लागले. मग दुखणे पुन्हा उलटले. रोग, उपचार, उतार आणि उलटणे असा पूर्ण क्रम आकड्यांसह नोंदला गेलेले असे रोगी फार थोडे असतात. म्हणून आपण तिचा केसपेपर जरा निवांत वाचू.

एवढ्या दूरच्या पाण्याशी आपला काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो पोत्यातला आहे. खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांत ज्यांच्या घरी ऊस किंवा भात आहे त्यांना डीएपीचे पोते चांगले ओळखीचे असते. त्यावर १८-४६-० असे आकडे छापलेले असतात, म्हणजे शेकडा १८ नत्र, ४६ स्फुरद आणि पालाश शून्य. या स्फुरदाचा खडक जिथे मोठ्या प्रमाणावर खणला जातो त्या जगातील प्रमुख जागांपैकी एक टँपाच्या पूर्वेला आहे. तिथे त्या पट्ट्याला ‘हाडांचे खोरे’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्या खडकात प्राचीन प्राण्यांची हाडे सापडतात. टँपा बंदरातून निघालेले डीएपी भारताने वर्षानुवर्षे विकत घेतले. जगाच्या खतबाजारात डीएपीचा भाव सांगताना ‘टँपाचा भाव’ सांगण्याची पद्धतच पडून गेली होती. आपल्या शेतात हिरवेपणा आणणाऱ्या मालाचा एक उगम त्या खाडीच्या काठी आहे, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

रोग्याची ओळख

खाडीचा विस्तार सुमारे १,००० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली अवघी १२ फूट. म्हणजे आपल्याकडच्या साध्या विहिरीलाही लाजवेल अशी. जहाजांसाठी खोदलेला मार्ग तेवढा खोल आहे. हिल्सबरो, अलाफिया, लिटल मॅनाटी आणि मॅनाटी या नद्यांचे गोडे पाणी तिच्यात येते, आणि तोंडाशी मेक्सिकोच्या आखाताचे खारे पाणी भरती-ओहोटीने आत-बाहेर करते. काठाला खारफुटी. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत आज सुमारे तीस लाख माणसे राहतात.

उथळपणा ही अशा खाडीची श्रीमंतीही असते आणि दुबळेपणाही. श्रीमंती अशी की सूर्यप्रकाश थेट तळापर्यंत पोहोचतो आणि तिथे समुद्री गवताची कुरणे वाढतात. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बी धरते. जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज कधीकाळी परत पाण्यात गेले, त्यांची ही वंशावळ. त्याची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात, पाती लाटांचा जोर मोडतात. लहान मासे, कोळंबी, खेकडे, समुद्रघोडे यांची पिल्ले या कुरणांत वाढतात. मॅनाटी नावाचा म्हशीसारखा धिप्पाड, पूर्ण शाकाहारी जलचर हेच गवत चरतो. म्हणून त्याला सागरी गाय म्हणतात.

दुबळेपणा असा की पाणी थोडे असल्यामुळे आत पडलेली घाण पातळ व्हायला वावच नसतो. खोल समुद्रात जी मात्रा विरून जाईल, ती इथे अंगी लागते.

रोग कसा जडला

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडात वस्ती झपाट्याने वाढली. खाडीचा तळ उपसून किनाऱ्यावर भर घालायची आणि त्यावर घरे बांधायची, हा तिथला त्या काळचा धंदाच झाला होता. रस्त्यांसाठी पाण्यातून मातीचे लांब बांध घातले गेले, त्यामुळे खाडीच्या काही भागांतले पाण्याचे खेळणे मंदावले. यापेक्षाही मोठे कारण होते सांडपाणी. टँपा शहराच्या मुख्य केंद्रात ते केवळ निवळवले जाई, म्हणजे तरंगणारे काढायचे, बसणारे बसू द्यायचे, आणि उरलेले खाडीत सोडायचे. स्फुरद खतांच्या कारखान्यांचे पाणीही नद्यांवाटे येतच होते.

आता रोगाची क्रिया समजून घेऊ, कारण पुढचा सगळा उपचार तिच्यावर उभा आहे. सांडपाण्यात आणि खतांत नत्र असते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांना ते खाद्य. नत्र वाढले की ही शेवाळे कोटींनी वाढतात आणि पाणी हिरवट, गढूळ होते. गढूळ पाण्यातून प्रकाश खाली जात नाही. गवताला जगण्यासाठी पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा तरी तळाशी मिळावा लागतो. तो मिळेनासा झाला की ते उपासमारीने मरते. गवत मेले की गाळ धरून ठेवणारी मुळे गेली. मग साधा वारा सुटला तरी उथळ तळ ढवळून निघतो आणि पाणी आणखी गढूळ होते. इकडे मेलेले शेवाळ तळाशी बसून कुजते. कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, मग मासे गुदमरतात. काठावर साचलेल्या शेवाळाच्या ढिगांना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. टँपाच्या रहिवाशांची पहिली तक्रार याच वासाची होती.

शास्त्रात याला अतिपोषण म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. खाडी विषाने मेली नाही, जास्त खाऊन मेली. मधुमेहाच्या रोग्याकडे पाहताना साखर हे विष आहे असे आपण म्हणत नाही. प्रमाण चुकले असे म्हणतो.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत बहुधा स्फुरद कमी असते, त्यामुळे तिथे स्फुरद आवरले की शेवाळ आवरते. टँपाच्या खाडीत मात्र स्फुरदाच्या खडकामुळे ते मुळातच मुबलक. तिथे शेवाळाच्या वाढीवर लगाम होता तो नत्राचा. म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी नत्रावर बोट ठेवले. दोन रोगी वरून सारखे दिसले तरी दोघांचे कारण एकच असेल असे नाही, हे आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवतात. पाण्यालाही ते लागू आहे.

हानी किती झाली? १९५० च्या सुमारास खाडीत अंदाजे ४०,००० एकर समुद्री गवत होते. १९८२ साली ते सुमारे २१,६०० एकर उरले. तीस-बत्तीस वर्षांत जवळजवळ निम्मे कुरण गेले.

पहिला उपचार : कारण काढणे

आमच्या होमिओपॅथीच्या अभ्यासक्रमात हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा मूळ ग्रंथ. त्याच्या आरंभीच्या सूत्रांत एक विचार येतो. आरोग्य बिघडवणाऱ्या आणि ते बिघडते ठेवणाऱ्या गोष्टी ओळखून त्या दूर करील, तो आरोग्याचा रक्षक ठरतो. गोळ्या त्यानंतर. कोंदट खोलीत राहणाऱ्याचा खोकला खोली न बदलता बरा होत नाही. टँपात नेमके हेच केले गेले, आणि तेही कायद्याने.

नागरिकांच्या रेट्यामुळे १९७२ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा केला की या भागातील सांडपाणी उच्च दर्जाची प्रक्रिया केल्याशिवाय खाडीत सोडता येणार नाही. १९८७ साली तो नव्याने आणि अधिक काटेकोर रूपात आला. मर्यादा ठरली एका लिटर पाण्यात नत्र ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. टँपाचे केंद्र त्याआधीच, १९७९ साली, नव्या पद्धतीवर आले होते.

पाण्यात विरघळलेले नत्र काढायचे कसे? ते गाळून निघत नाही, निवळून बसत नाही. त्यासाठी जिवाणूंनाच कामाला लावतात. पहिल्या हौदात भरपूर हवा सोडतात. तिथले जिवाणू मलमूत्रातल्या अमोनियाचे नायट्रेट करतात. दुसऱ्या हौदात हवा बंद. तिथल्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंना प्राणवायू हवा असतो, तो मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नायट्रोजन मोकळा होऊन वायुरूपाने हवेत जातो. या जिवाणूंना खाद्य म्हणून टँपाच्या केंद्रात मिथेनॉल घालतात. हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे तिथे गेलेला हा वायू कोणाला बाधत नाही. जे पाण्यात रोग होते ते हवेत निरुपद्रवी झाले.

शेजारच्या सेंट पीटर्सबर्ग शहराने वेगळा मार्ग धरला. प्रक्रिया केलेले पाणी खाडीत सोडण्याऐवजी स्वतंत्र नळांनी बागांना आणि हिरवळींना द्यायचे. १९७० च्या दशकाअखेर ही व्यवस्था सुरू झाली. अमेरिकेत इतक्या मोठ्या प्रमाणावर असे करणाऱ्या पहिल्या शहरांत त्याची गणना होते.

या दोन्ही उपायांनी सांडपाणी केंद्रांतून खाडीत येणारे नत्र सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पण पाणी लगेच निवळले नाही. वर्षानुवर्षे गाळात साठलेले खाद्य हळूहळू बाहेर येत राहते, त्यामुळे शेवाळ कमी व्हायला काही वर्षे जावी लागली, आणि गवत परतायला त्याहून जास्त. जुनाट दुखण्यात औषध लागू पडल्यावरही शरीर आपल्या चालीनेच सावरते. त्या मधल्या काळात ‘एवढा पैसा ओतला, काय उपयोग झाला?’ असे विचारणारे तिथेही असणारच. कायद्याने त्यांच्या उतावीळपणापुढे मान तुकवली नाही, हे त्या खाडीचे भाग्य.

हिशेबाची वही

१९९१ साली खाडीसाठी एक कायमस्वरूपी कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी पहिले काम केले ते माप ठरवण्याचे. ‘खाडी स्वच्छ करू’ असे म्हणणे सोपे. स्वच्छ म्हणजे किती, हे सांगणे अवघड. त्यांनी गवताला प्रमाण मानले. गवत किती हवे? १९५० च्या आसपास होते त्याच्या जवळपास, म्हणजे ३८,००० एकर. तेवढे गवत येण्यासाठी तळाशी प्रकाश किती हवा? तेवढ्या प्रकाशासाठी पाण्यात हरितद्रव्य जास्तीत जास्त किती चालेल? आणि तेवढेच हरितद्रव्य राहावे तर नत्र किती आत येऊ द्यायचे? अशी उलटी गणिते करत ते नत्राच्या टनांपर्यंत आले. रोग्याला ‘जपून राहा’ म्हणण्याऐवजी दिवसाला किती चमचे साखर, हे लिहून देण्यासारखे हे काम.

१९९६ साली नत्राच्या व्यवस्थापनासाठी एक संघ स्थापन झाला. त्यात नगरपालिका होत्या, जिल्हे होते, वीज कंपन्या होत्या आणि स्फुरद खतांचे कारखानेही होते. ज्यांच्यावर बोट दाखवायचे तेही टेबलाशी बसले. ठराव साधा होता. १९९२ ते ९४ या वर्षांत सरासरी जेवढे नत्र येत होते त्यापेक्षा ते वाढू द्यायचे नाही. पण वस्ती तर वाढतच होती. त्या वाढीमुळे दरवर्षी सुमारे १७ टन नत्र नव्याने येईल असा हिशेब निघाला, म्हणून दरवर्षी तेवढे कुठून तरी कमी करायचे.

१७ टन म्हणजे किती? युरियात शेकडा ४६ नत्र असते. आजच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण २१ किलो. तिथला टन आपल्यापेक्षा किंचित लहान. म्हणजे वर्षाला सुमारे साडेसातशे पोती युरिया वाचवायचा. गाव म्हटले तर ही संख्या मोठी नाही, पण दरवर्षी, न चुकता, कोणी ना कोणी ती वाचवायची, यातच सगळी कसोटी होती.

कोणी पावसाचे पाणी थेट खाडीत न जाऊ देता आधी तळ्यात मुरवले. कोणी कारखान्याची गळती बंद केली. टँपातील एक कोळशाचे वीजकेंद्र नैसर्गिक वायूवर नेण्यात आले. वीजकेंद्राचा आणि खाडीचा काय संबंध? चिमणीतून आणि मोटारींतून निघालेली नायट्रोजनची संयुगे हवेतून पावसाबरोबर पाण्यात उतरतात, आणि त्यांचाही वाटा मोठा असतो. २०१० साली पिनेलास जिल्ह्याने १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, घरासमोरच्या हिरवळीला नत्राचे खत घालायला आणि ते विकायलाही बंदी केली. पावसाच्या तोंडावर टाकलेले खत मुळांना मिळत नाही, ओढ्याला मिळते, हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बंगल्यापुढे लॉन वाढवणाऱ्याला सांगावे लागते.

खाडीचे चार भाग करून दर महिन्याला पाण्याचे नमुने तपासले जातात. ही नोंद १९७० च्या दशकापासून चालू आहे. वर्षअखेरीस प्रत्येक भागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. कोणाही नागरिकाला एका दृष्टिक्षेपात कळते की आपली खाडी यंदा कशी आहे. मला या सगळ्या कहाणीत हा तक्ता सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ताप मोजलाच नाही तर उतरला की चढला, यावर फक्त वाद होतात.

उतार

२०१४ साली मोजणी झाली तेव्हा गवत ४०,२९५ एकर निघाले. ठरवलेले लक्ष्य ओलांडले गेले होते. २०१६ साली ते ४१,६५५ एकर झाले, म्हणजे १९५० च्या पातळीच्याही किंचित वर. मधल्या काळात लोकसंख्या दहा लाखांहून जास्त वाढली होती, आणि तरीही नत्र कमी झाले होते. माणसे वाढली की पाणी नासणारच, हे जे आपण दैवाचा नियम असल्यासारखे म्हणतो, ते इथे खोटे ठरले.

एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. हे गवत बहुतांशी कोणी लावलेले नाही. लागवडीचे प्रयोग झाले. कालवांच्या खडकांसाठी शिंपले टाकले गेले. खारफुटी लावली गेली. त्या कामांना किंमत आहे. अनुकूल वेळी एक कालव दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकते. मी जन्मभर ज्याला ताटात येऊ दिले नाही, त्या जिवाला पाण्याचा सेवक म्हणून नमस्कार करायला मला संकोच नाही. पण हे सारे पोषक उपचार. गढूळ पाण्यात लावलेले गवत मरते, आणि निवळ पाण्यात न लावलेले गवतही येते. शेवाळ उपसून काढणे, पाण्यात रसायन टाकणे, तळ खरवडणे हे वरवरचे उपाय नत्राचा नळ उघडा ठेवून केले तर पुन्हा पुन्हा करावे लागतात. आपल्याकडे तळ्यातली जलपर्णी दरवर्षी काढण्याची निविदा निघते. ती दरवर्षी का निघते, हा प्रश्न मात्र निविदेत नसतो.

पुन्हा उलटले

२०१६ नंतर आकडे घसरू लागले. २०२० साली ३४,२९८ एकर, आणि २०२२ साली ३०,१३७ एकर. सहा वर्षांत ११,००० एकरांहून अधिक गवत गेले.

सर्वाधिक हानी झाली ती खाडीच्या वायव्येच्या भागात, जुन्या टँपा खाडीत. पाण्यातून गेलेल्या बांधांमुळे तिथले पाणी हळू बदलते. तिथे जवळजवळ दर उन्हाळ्यात एका सूक्ष्म शेवाळाचा बहर येऊ लागला. रात्री ते निळसर चमकते, लोक ते पाहायला होड्या घेऊन जातात. पण दिवसा तेच तळाचा प्रकाश अडवते. त्यात पाणी तापत चालले आहे आणि पावसाची वर्षे अधिक भरीव येत आहेत. जुन्या गटारवाहिन्या मोठ्या पावसात तुंबतात आणि प्रक्रियेविना पाणी बाहेर पडते. यातले एकच कारण काढून ‘हेच’ म्हणता येत नाही. अलीकडे एका बांधाला खिडकी पाडून पूल केला आहे, तेवढे पाणी पुन्हा खेळू लागले आहे.

आणि मग पायनी पॉइंट. खाडीच्या आग्नेय काठावर १९६६ साली सुरू झालेला स्फुरद खताचा हा कारखाना. खडकावर गंधकाम्ल टाकून स्फुरदाचे आम्ल काढतात. ते एक टन मिळवताना सुमारे पाच टन जिप्सम उरते. हे जिप्सम किंचित किरणोत्सारी असल्यामुळे सहसा कुठे वापरत नाहीत. त्याचे डोंगर रचतात, आणि डोंगराच्या माथ्यावर तळी करून कारखान्याचे पाणी साठवतात. २००१ साली मालक कंपनीचे दिवाळे निघाले. कारखाना गेला, डोंगर आणि तळी राहिली. २०२१ च्या मार्चअखेर एका तळ्याला गळती लागली. बांध फुटून आजूबाजूच्या वस्तीत पाण्याचा लोंढा जाईल या भीतीने घरे रिकामी केली गेली, आणि दाब कमी करण्यासाठी ते पाणी खाडीत सोडावे लागले. सुमारे दहा दिवसांत ८१ कोटी लिटर. त्यातून अंदाजे १८६ मेट्रिक टन नत्र गेले, म्हणजे सुमारे ९,००० पोती युरिया. खाडीच्या खालच्या भागात एरवी वर्षभरात जेवढे नत्र येते, त्याहून जास्त. वर्षाला साडेसातशे पोती वाचवत पंचवीस वर्षे चाललेल्या कामाशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

त्या उन्हाळ्यात खाडीत विषारी लाल शेवाळाचा मोठा बहर आला. तो दरवेळी बाहेर आखातात सुरू होतो, त्यामुळे पायनी पॉइंटने तो जन्माला घातला असे म्हणता येत नाही. पण आत आल्यावर त्याला तिथे आयते खाद्य मिळाले असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्या काठावरून १,६०० टनांहून जास्त मेलेले मासे उचलावे लागले. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या दुसऱ्या, पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये गवत संपल्यामुळे मॅनाटी उपाशी मरू लागले. राज्यभरात त्या वर्षी १,१०० मॅनाटी मेले. टँपाची खाडी सांभाळली नसती तर काय झाले असते, हे पाहायला तिथल्या लोकांना फार लांब जावे लागले नाही.

मग चाळीस वर्षांचे काम वाया गेले का? नाही. २०२२ चा आकडासुद्धा १९८२ च्या आकड्यापेक्षा सुमारे ८,५०० एकरांनी जास्त आहे. शिवाय तक्ता चालू असल्यामुळे घसरण दोन-दोन वर्षांत कळली. पूर्वी ती तीस वर्षांनी कळली होती. पण जुनाट रोग बरा झाला म्हणून पथ्य सोडता येत नाही, आणि घरात जुने विष झाकून ठेवले असेल तर पथ्यही पुरत नाही. पायनी पॉइंटचा डोंगर हा आजच्या माणसांचा गुन्हा नाही. मागच्यांनी नफा नेला आणि पात्र तसेच ठेवून गेले.

आपल्या अंगणात

आपला जिल्हा समुद्रापासून दूर आहे असे आपल्याला वाटते. खानापूर तालुक्याकडे पाहा. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोहोचते. त्याच तालुक्यात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. एका तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना. आपण जे ओढ्यात सोडतो, ते कोणाच्या तरी खाडीत जमा होते.

आमच्या जैन घरांत पाणी गाळून पिण्याचा नेम आहे. दुपदरी कापडातून पाणी गाळतात, आणि गाळण्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत हळूच परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. लहानपणी आईच्या हातून पाहिलेला हा विधी मला आज दोन अंगांनी आठवतो. एक, पाणी ही केवळ वस्तू नसून जिवांचे घर आहे, आणि त्या घराला धक्का लावल्यावर परतफेड करावी लागते. दोन, कापडाने गाळलेले पाणी नत्रमुक्त होत नाही. युरिया कापडातून जातो, नायट्रेट कापडातून जाते. आजच्या हिंसेचा मोठा भाग विरघळलेला आहे. तो दिसत नाही, म्हणून गाळला जात नाही. तिथे नेम चालवायचा तर तो पाणी भरताना नव्हे, पोते फोडताना चालवावा लागेल.

म्हणजे काय करावे? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी माती तपासून घेतल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्यावा, मोठा पाऊस तोंडावर असताना देऊ नये, आणि उसाला ठिबक असेल तर त्यातूनच द्यावा. यात पुण्य आहेच, पण पैसाही वाचतो. ओढ्याला गेलेले खत आपणच विकत घेतलेले असते. जे शहरात राहतात त्यांच्यासमोर बळ्ळारी नाला आहे आणि त्याच्या काठची भातशेती आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा विषय निघाला की आपण केंद्र झाले का, एवढेच विचारतो. यापुढे दोन प्रश्न आणखी विचारावेत. त्यातून नुसती घाण काढली जाते की विरघळलेले नत्रही काढले जाते? आणि दर महिन्याच्या तपासणीचा तक्ता नागरिकांना कुठे पाहायला मिळेल?

टँपाच्या लोकांनी सुरुवात याहून मोठी केली नव्हती. काठावर वास येत होता, आणि त्यांनी तो कशाचा आहे हे विचारायला सुरुवात केली. विचारणे थांबवले नाही, म्हणून सात वर्षांत केंद्र उभे राहिले आणि चाळीसहून अधिक वर्षांत गवत परत आले. आज वयाच्या साठीत असलेल्या माझ्यासारख्याला चाळीसहून अधिक वर्षांचा उपचार आपल्या डोळ्यांनी पूर्ण झालेला दिसणार नाही. तो सुरू करण्याच्या आड मात्र वय येत नाही.